जेट लॅगच्या रात्री आणि एएम रेडिओ

लेकीकडे एडिसनला पहिल्यांदा गेले तेव्हा आठवडाभर रोज रात्री पावणेतीनला टक्क जाग यायची. घड्याळात पावणेतीन, पोटात भारतातले सव्वाबारा. भूक लागलेली, आणि घर गाढ झोपलेलं. टीव्ही लावावा तर नातू उठेल, फोन बघावा तर डोळे चुरचुरतात. आमचे हे कुठल्याही देशात, कुठल्याही वेळी घोरू शकतात, त्यामुळे तीही सोबत नाही. शेवटी बॅगेतून खिशात मावेल एवढा रेडिओ काढला, किचनच्या टेबलाशी बसले, कानात इअरफोन घातला आणि हळूहळू चाक फिरवत गेले. ७४०वर कुणीतरी माझ्या लग्नाच्याही आधीची इंग्रजी गाणी लावत होता. आवाज वर यायचा, विरघळायचा, परत यायचा, लहानपणी सिलोन यायचं अगदी तसा. गाणं संपलं, निवेदक बोलला आणि त्यात ‘टोरंटो’ ऐकू आलं. म्हणजे न्यू जर्सीतल्या किचनमध्ये बसून मी दुसरा देश ऐकत होते.

मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या, पण हा उद्योग कधीच न केलेल्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. माझी उदाहरणं एडिसन आणि आसपासची आहेत. ह्यूस्टनला किंवा सॅन होजेला जाणाऱ्यांना केंद्रं वेगळी मिळतील, रीत तीच. आपण ज्याला मिडियम वेव्ह म्हणतो त्याला तिकडे सगळे एएम म्हणतात.

आधी एवढं समजून घ्या

दिवसा लांबचं केंद्र शोधू नका, हाती काही लागणार नाही. सूर्य डोक्यावर असताना साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर तयार असतो. त्याला डी थर म्हणतात, आणि मिडियम वेव्ह तो फडक्याने पाणी टिपावं तशी टिपून घेतो. त्यामुळे दिवसा फक्त जमिनीलगत सरपटत येणाऱ्या लहरी पोचतात, म्हणजे जवळची केंद्रं. सूर्य मावळला की हा थर बघता बघता विरतो. मग वर गेलेल्या लहरी शंभर किलोमीटर आणि त्याहून उंच असलेल्या थरांवर आदळून खाली येतात, आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरचं केंद्र उशाशी बोलायला लागतं. ज्या वेळी जेट लॅगवाला माणूस जागा असतो, नेमकी तीच वेळ या खेळाची आहे. म्हणून जागरणाबद्दल कुरकुर करू नका.

ऋतूचंही गणित आहे. आपण बहुतेक जण अक्षय्य तृतीयेच्या आसपास जातो आणि दिवाळीला परततो. जून-जुलैत न्यू जर्सीत सूर्य साडेआठला मावळतो, आणि कुठे ना कुठे विजा कडाडत असतात. त्यांची कडकड शेकडो किलोमीटरवरून थेट तुमच्या कानात येते. ऑगस्टअखेरपासून परिस्थिती सुधारते. ऑक्टोबर उत्तम. थंडीत राहायचा योग आला तर साडेचारलाच अंधार पडतो आणि जेवणाच्या आधी शिकागो लागतं. पण त्या थंडीत आपण तिथे राहावं का, हा वेगळा प्रश्न आहे.

निघण्याआधी: कोणता सेट न्यावा

इथे नवखे लोक हमखास अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. भारतात, युरोपात आणि आशियाच्या बहुतेक भागात मिडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. आकडे दाखवणारा डिजिटल सेट भारतातून तसाच नेलात तर तो ६३९, ६४८, ६५७ अशा उड्या मारत जाईल आणि नॅशव्हिलचं ६५० त्याला नीट सापडणारच नाही. ६४८वर थांबलात तर आवाज येईल, पण चिरका आणि फाटलेला. ९ आणि १० दोघांच्याही पाढ्यात बसणारे आकडे तेवढे जुळतात: ५४०, ६३०, ७२०, ८१०, ९०० असे दर नव्वदाने. एका काकांनी मला सांगितलं होतं, ‘अमेरिकेत रेडिओच राहिला नाही हो, चारच केंद्रं लागतात.’ राहिलं होतं ते सेटचं बटण फिरवायचं.

म्हणून सेट घेताना ९/१०ची सोय आहे ना ते विचारा. कुठे मागच्या बाजूला बारीक खटका असतो, कुठे सेट बंद असताना एखादं बटण दाबून धरायचं असतं. पुस्तिकेतलं ते पान फाडून सेटबरोबरच ठेवा. काही सेट एकेक किलोहर्ट्झनेही सरकतात, त्यांना प्रश्नच नाही. घरातला जुना काटेवाला रेडिओ असेल तर त्यालाही उड्यांची भानगड नाही. मात्र त्याची पट्टी बहुधा १६०० किंवा १६२०ला संपते, आणि तिकडे केंद्रं १७००पर्यंत आहेत.

खिशातल्या सेटमध्ये मी तीन गोष्टी बघते. चाक फिरवून केंद्र लावता यावं, आवाजाची रुंदी कमी-जास्त करायची सोय असावी (त्याला बँडविड्थ म्हणतात, शेजारची केंद्रं घुसायला लागली की अरुंद करायची), आणि तो पेन्सिल सेलवर चालावा. तिकडे भिंतीत १२० व्होल्ट येतात, म्हणून आपला २३०चा अडॅप्टर न्यायच्या भानगडीत पडू नका. शिवाय अडॅप्टर लावला की गुरगुर वाढते. चार्ज होणारी लिथियम बॅटरी असेल तर सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. आणि इअरफोन. तो विसरलात तर लेक पहिल्याच रात्री खाली येऊन ‘आई, काय चाललंय?’ विचारेल.

एक जुनी शंका बऱ्याच जणांच्या मनात असते. पूर्वी आपण पोस्टात रेडिओचं लायसन्स भरायचो, तसं तिकडे काही लागतं का? नाही. नुसतं ऐकायला काहीही लागत नाही.

पहिला दिवस: शेजार ओळखा

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन असताना, सेट घेऊन बसा आणि ५३०पासून वर चढत जा. जे खणखणीत लागतं ते सगळं वहीत लिहा. ही झाली तुमची शेजाऱ्यांची यादी. एडिसनमध्ये ६६०, ७१०, ७७०, ८२०, ८८०, १०१०, ११३० ही न्यूयॉर्कची केंद्रं दिवसाही दणदणीत लागतात. रात्री याच आकड्यांवर दूरचं काही शोधण्यात अर्थ नाही, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे आकडेही अवघड. बाकीची पट्टी तुमची.

१२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० हे सहा आकडे सुरुवातीला वगळा. देशभरातली छोटी छोटी गावकेंद्रं याच आकड्यांवर दाटीवाटीने बसवली आहेत, त्यामुळे रात्री तिथे लग्नाच्या पंगतीसारखा गलका असतो. सगळे बोलत असतात, एकाचंही कळत नाही. वर १६१०च्या आसपास कधी कधी एकच माणूस हायवेची माहिती पुन्हा पुन्हा सांगताना ऐकू येतो. ती प्रवाशांसाठीची जेमतेम दहा वॉटची केंद्रं. दहा वॉट म्हणजे एका एलईडी बल्बाएवढी वीज!

दूरचं ऐकायचं तर पन्नास हजार वॉटची केंद्रं धरायची. अमेरिकेत एएमवर याहून जास्त शक्तीला परवानगीच नाही. सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या केंद्राला १९३४ ते १९३९ या काळात प्रयोग म्हणून पाच लाख वॉट दिले होते, पुढे तेही पन्नास हजारांवर आणलं. रात्री दूरवर ऐकू जावीत म्हणून काही मोठ्या केंद्रांना त्यांच्या आकड्यावर संरक्षण दिलेलं आहे. बाकीच्यांना सूर्यास्ताला शक्ती कमी करावी लागते, दिशा बदलावी लागते, किंवा सरळ बंद व्हावं लागतं. म्हणून संध्याकाळचा अर्धा तास फार मजेचा असतो. एक केंद्र निरोप घेतं आणि त्याच्या खालून दुसरं, लांबचं, डोकं वर काढतं.

पहिली रात्र: अँटेना ओढू नका, रेडिओ फिरवा

प्रत्येक नवखा माणूस आधी चकचकीत दांडा ओढून लांब करतो. तो दांडा एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असतो. मिडियम वेव्हला त्याचा उपयोग नाही, तो आत बंद करून टाका. मिडियम वेव्हची अँटेना सेटच्या पोटात असते. फेराइटची काळी कांडी, बोटाएवढी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. बहुतेक सेटमध्ये ती वरच्या कडेला आडवी बसवलेली असते.

आता दिवसा लागणारं एखादं केंद्र लावा आणि सेट टेबलावर ठेवून जात्यासारखा सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम खोल जाईल. त्या क्षणी कांडीचं टोक बरोबर केंद्राच्या रोखाने असतं. तिथून काटकोनात वळवलात की आवाज भरपूर. यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की भरपूर आवाजाची जागा ऐसपैस असते, पण आवाज मरण्याची जागा सुईच्या टोकाएवढी. दूरचं केंद्र पकडायला त्याच्याकडे तोंड करण्यापेक्षा शेजाऱ्याचं तोंड बंद करणं जास्त कामाचं.

एडिसनमधलंच उदाहरण घेऊ. ८९०वर शिकागोचं डब्ल्यूएलएस आहे, पण शेजारी ८८०वर न्यूयॉर्क बसलेलं. ८८० आणि ६६० या दोघांचा मनोरा एकच, ब्राँक्सजवळच्या हाय आयलंडवर, म्हणजे एडिसनहून ईशान्येला. ८८० लावून सेट असा फिरवला की आवाज अगदी दबला. मग सेट न हलवता, श्वास रोखून, ८९०वर गेले. फरफरीतून एका माणसाचा आवाज वर आला. शिकागो पश्चिमेला, थोडं उत्तरेकडे झुकलेलं, म्हणून न्यूयॉर्क दाबलं तरी ते शिल्लक राहतं.

हीच युक्ती ६५०वर करायला गेले आणि तोंडघशी पडले. ६५० म्हणजे नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम. १९२५पासून लोकसंगीताचा एकच साप्ताहिक कार्यक्रम आजतागायत चालवणारं केंद्र, मला ते हवंच होतं. ६६०चं तोंड बंद केलं की ६५०ही गप्प! चार रात्री झगडले. मग नातवाच्या अ‍ॅटलासवर पट्टी ठेवली तेव्हा उजेड पडला. एडिसनहून हाय आयलंड ईशान्येला आणि नॅशव्हिल जवळपास त्याच्या बरोबर उलट दिशेला, नैऋत्य-पश्चिमेला. कांडीला पुढचं टोक आणि मागचं टोक सारखंच, ती एका रेषेतले दोघेही दाबते. ते डब्ल्यूएसएम मला पुढे ऐकायला मिळालं, पण एडिसनमध्ये नव्हे. स्मोकी माउंटनच्या सहलीत, मोटेलच्या खिडकीत सेट ठेवला आणि लगेच.

आणखी एक बारकावा. जमिनीलगत येणारं जवळचं केंद्र असं छान दबतं. आकाशातून आदळून येणारं दूरचं केंद्र तितकं नेमकं दबत नाही, डळमळत राहतं. तुमचा सेट बिघडलेला नाही.

घरातली गुरगुर

पट्टीभर एकसारखी गुरगुर किंवा शिट्टी येत असेल तर शत्रू घरातच आहे. एलईडी दिवे, उजेड कमी-जास्त करायचे डिमर, फोन-लॅपटॉपचे चार्जर, वायफायचा डबा, सोलरचा इन्व्हर्टर हे सगळे संशयित. सेट हातात धरून घरभर फिरा. जिथे गुरगुर वाढते तिथे चोर.

माझा चोर सापडायला तीन रात्री गेल्या. पाहुण्यांच्या खोलीत उशाशी हाताने स्पर्श केला की लागणारा दिवा होता. तो मी बंदच ठेवत होते, म्हणून त्याच्यावर संशयच नाही. पण हे दिवे विझलेले असले तरी स्पर्शाची वाट बघत जागेच असतात, आणि तेवढ्यानेच मिडियम वेव्हवर घोंगावत राहतात. प्लग उपसला आणि रातकिडे एकदम थांबावेत तशी शांतता झाली. लेकीला सकाळी सांगितलं तर म्हणाली, ‘आई, तू रेडिओसाठी घराचं वायरिंग काढशील.’

अमेरिकेतल्या घरांचा मात्र एक मोठा फायदा आहे. ती बहुतेक लाकडी सांगाड्याची असतात, मिडियम वेव्ह आरपार आत येते. आपल्याकडच्या आरसीसी फ्लॅटमध्ये लोखंडी सळयांच्या पिंजऱ्यात जे हाल होतात ते तिथे नाहीत. उंच हॉटेलात उतरलात तर पुन्हा तोच पिंजरा. तिथे सरळ खिडकीच्या काचेला सेट टेकवून बसा.

कोण बोलतंय हे कसं ओळखायचं

आपल्याकडे आकाशवाणी स्वतःची ओळख किती नीट द्यायची. ‘३७८ पूर्णांक ८ मीटर्सवर, म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झवर...’ हे ऐकत आमची पुण्यातली पिढी वाढली. तिकडे मीटर कुणी सांगत नाही. तिथली ओळख म्हणजे तीन किंवा चार इंग्रजी अक्षरं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेची केंद्रं डब्ल्यूने सुरू होतात, पश्चिमेची केने. कॅनडाची सीने, मेक्सिकोची एक्सने. जुने अपवाद आहेत: पिट्सबर्गचं केडीकेए पूर्वेला असूनही केवालं. २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगणारं हेच ते केंद्र. फिलाडेल्फियाचं केवायडब्ल्यूही तसंच.

कायद्याने प्रत्येक अमेरिकी केंद्राला तासाच्या ठोक्याच्या आसपास ही अक्षरं आणि लगेच पुढे गावाचं नाव सांगावं लागतं. म्हणून पंचावन्नाव्या मिनिटाला जे लागलं असेल ते सोडू नका. फोनचा रेकॉर्डर सेटशेजारी चालू करून ठेवा, कारण हमखास त्याच दहा सेकंदांत आवाज बुडतो. सुरुवातीला ती अक्षरं इतक्या झटपट निघून जातात की तीनदा ऐकल्याशिवाय कळत नाहीत. बिचकू नका, आठवड्यात कान बसतो.

कार्यक्रमावरून केंद्र ठरवू नका. रात्री उडत्या तबकड्या आणि भुताखेतांच्या गप्पा पाच आकड्यांवर ऐकू आल्या तर ती पाच केंद्रं एकच कार्यक्रम घेत असतात. त्यापेक्षा जाहिराती ऐका. गाडीच्या शोरूमचा पत्ता, हवामानात घेतलेली गावांची नावं, कोणता हायवे तुंबलाय, यातून गाव पकडता येतं. उन्हाळ्यात बेसबॉल मदतीला येतो. सिनसिनाटीचा संघ रेड्स ७००वर, सेंट लुइसचा कार्डिनल्स ११२०वर, क्लीव्हलंडचा गार्डियन्स ११००वर. मला बेसबॉलमधलं आजही फारसं कळत नाही. पण बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ज्यांनी कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलंय, त्यांना तो निवेदकाचा ठेहराव, मागची गर्दी आणि मधूनच चढलेला आवाज परका वाटणार नाही.

छापील किंवा कुणी पाठवलेल्या याद्यांवर डोळे झाकून विसंबू नका. ८८० दशकानुदशकं डब्ल्यूसीबीएस होतं, ऑगस्ट २०२४मध्ये त्याची अक्षरं बदलून डब्ल्यूएचएसक्यू झाली. कानांनी ऐकलं तेच वहीत.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास

एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन या पट्ट्यात असाल तर या क्रमाने जा. आधी १०३०, बॉस्टनचं डब्ल्यूबीझेड. साधारण साडेतीनशे किलोमीटर, अंधार पडला की हमखास लागतं. मग ७४०, टोरंटोचं सीएफझेडएम, माझं लाडकं, जुनी गाणी. मग ११००, क्लीव्हलंडचं डब्ल्यूटीएएम. एडिसन ते क्लीव्हलंड हवाई अंतर जवळपास पुणे ते नागपूर एवढं आहे, हे कळल्यावर मला त्या केंद्राबद्दल उगीचच आपुलकी वाटायला लागली. त्यानंतर हजार किलोमीटरच्या घरात शिरा: ८४०वर लुइव्हिलचं डब्ल्यूएचएएस, ७५०वर अटलांटाचं डब्ल्यूएसबी. शिकागोचं ८९० आणि सिनसिनाटीचं ७०० ही सेट फिरवायला शिकल्यानंतरची गंमत.

एक रात्र लागलं नाही म्हणून केंद्र खोडू नका. दूरचा आवाज दर मिनिटाला वरखाली होतो, तो बुडाला की वीस-तीस सेकंद थांबायचं असतं. नवखा माणूस नेमका तेव्हाच चाक फिरवतो. आणि आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसणार अशी बातमी आली तर त्या रात्री उत्तरेकडची केंद्रं गायब होऊन दक्षिणेकडची पुढे येतात. अशा रात्री, विशेषतः फ्लोरिडाकडे असाल तर, क्यूबाचं ‘रेडिओ रेलोह’ शोधा. दर सेकंदाला घड्याळाची टिकटिक, तिच्यावर स्पॅनिशमध्ये बातम्या, आणि दर मिनिटाला मोर्सच्या भाषेत दोनदा आर. स्पॅनिशचा एक शब्द न येताही केंद्र ओळखता येतं, हे त्याचं मोठेपण.

ऐकायला मिळतं ते सगळं रत्नांचं असतं असं नाही. निम्म्या केंद्रांवर राजकारणाची तावातावाची बडबड, उरलेल्यांवर गुडघेदुखीच्या गोळ्या, प्रवचनं आणि खेळ. न्यू जर्सीत आपल्याकडच्या लोकांसाठीचे हिंदी कार्यक्रमही एएमवर कानी पडतात. पण मजा काय बोलतात यात थोडीच आहे, मजा कुठून बोलतात यात आहे.

गाडी आणि खोका

जावयाच्या गाडीतला रेडिओ खिशातल्या सेटपेक्षा पुष्कळदा सरस असतो. अट एकच, आपोआप शोधणारं बटण वापरायचं नाही. ते फक्त जोरदार केंद्रावर थांबतं. हाताने एकेक पायरी चढा. रात्रीच्या लांब प्रवासात, तुम्ही चालवत नसाल तर, हा उत्तम उद्योग आहे. विजेवरच्या काही गाड्यांत मात्र एएम दिलेलंच नसतं, कारण मोटरची गुरगुर त्यात शिरते. उभ्या गाडीत ऐकायचं तर अंगणातच बसा. मी एकदा मध्यरात्री गल्लीच्या टोकाला गाडीत अंधारात बसले होते, तर शेजारच्या बाई टॉर्च घेऊन चौकशीला आल्या.

गोडी लागली तर लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांची जादा अँटेना, करून बघा. अमेरिकन घरात कोरे पुठ्ठ्याचे खोके पैशाला पासरी. साधारण ४५ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी खोका घ्या, त्याच्या चारी बाजूंनी बारीक आवरणाच्या तारेचे १७ वेढे द्या, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून. तार ३१ मीटर लागेल. दोन्ही टोकं ३६५ पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला (जुन्या रेडिओत केंद्र बदलायला फिरतो तो भाग) जोडा. गँग इथूनच घेऊन जा, जुन्या मोडक्या रेडिओतला चालतो. सेटला काहीही जोडायचं नाही. सेट खोक्याशेजारी ठेवायचा, केंद्र लावायचं आणि गँग सावकाश फिरवायचा. एका जागी आवाज फुग्यासारखा फुगतो. पट्टीच्या वरच्या टोकाला, १५००च्या पुढे, तो फुगेनासा झाला तर दोन-तीन वेढे कमी करा. अशा खोक्यापुढे विकतचा लूप नाजूक दिसतो, पण बॅगेत मावतो हे त्याचं खरं.

वही

तारीख, वेळ, आकडा, काय ऐकलं, कसं ऐकलं. एवढ्या पाच गोष्टी. वेळ कुठल्या देशाची ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते, नोव्हेंबरमध्ये त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेदहा तास. माझ्या पहिल्या वहीत या घोळामुळे क्लीव्हलंड भर दुपारी लागल्याची नोंद आहे.

केंद्राला कळवायचं असेल तर या नोंदीतून साधं पत्र किंवा ईमेल लिहा: मी भारतातून आलेली पाहुणी, अमुक रात्री अमुक वेळी तुमची ही जाहिरात आणि हे गाणं ऐकलं. ऐकल्याचा पुरावा पटला तर काही केंद्रं उलट खात्रीचं कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात. काही जण उत्तरच देत नाहीत. पत्ता लेकीचा द्या, पण तिला आधी सांगून.

परतीच्या बॅगा भरताना सेट पुन्हा ९वर आणायला विसरू नका, आणि १०वर असताना साठवलेली केंद्रं काही सेटमध्ये या बदलाने पुसली जातात म्हणून आधी वहीत उतरवून घ्या. पहिल्या वर्षी मी विसरले. घरी आल्यावर दोन दिवस पुण्याचा निवेदक ७९०वर नाकात बोलत होता. आमचे हे म्हणाले, ‘त्याला सर्दी झाली असेल.’